शेवटचा तुकडा कोणी उचलायचा

मला जन्मात एकदाच मागणी आली. लग्नाच्या वेळी ल्युबिंकाच्या घरून होकार आला होता, नाही असं नाही. पण तो माझ्या थोरल्या भावासाठी होता. ती मंडळी घरी आली त्या रविवारी तो नदीवर मासे पकडायला गेलेला, घरात मी एकटा, म्हणून माझं जमलं. तेव्हा ती काही मागणी म्हणता येणार नाही. पण पन्नाशी उलटल्यावर, डोक्यावरचे केस आणि गुडघ्यांतली ताकद दोघेही न सांगता रजेवर गेल्यावर, एका हिवाळ्यात दोन कंपन्या माझ्यासाठी हमरीतुमरीवर आल्या. माझ्यासाठी! वितोमिरसाठी! तो काळ महिनाभर टिकला आणि त्याचा शेवट माशाच्या एका तुकड्यावर झाला. हे मी जसं घडलं तसंच सांगतोय. ज्यांना वाढवून सांगितल्यासारखं वाटेल त्यांनी अरिल्येत येऊन कोणालाही विचारावं. ते याहून वाढवून सांगतील.

आमच्या अरिल्येत माणसं कमी आणि रासबेरी जास्त. पिकलेली रासबेरी एक दिवस धीर धरत नाही, म्हणून गावाला जितकी चर्च नाहीत तितकी शीतगृहं आहेत. त्यातल्या एकाची यंत्रं माझ्या ताब्यात होती. मालकाचं नाव ग्वोज्देन. चार यंत्रांपैकी तीन शहाणी होती. तीन नंबरचं मात्र माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नसे. रोज सकाळी मी त्याला डाव्या बाजूने एक लाथ घालायचो की ते गुरगुरत सुरू व्हायचं. ती लाथ नेमकी कुठे आणि किती जोरात घालायची हे मी कोणाला शिकवलेलं नव्हतं. नोकरीची शाश्वती म्हणतात ती आणखी वेगळी काय असते?

ग्वोज्देन माणूस वाईट नव्हता. पगारवाढीचा विषय काढला की मात्र त्याला हवामान सुचायचं. पीक बुडालं तर म्हणायचा, "वितोमिर, यंदा पीक बुडालं." पीक भरघोस आलं तर म्हणायचा, "वितोमिर, भाव पडला." पीक आणि भाव दोन्ही चांगले निघाले त्या वर्षी त्याने आभाळाकडे बोट दाखवून म्हटलं, "पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही बाबा."

दुसरी खोड जेवणातली. आमच्याकडे ताटात शेवटचा तुकडा उरला की तो कोणी उचलत नाही. एक म्हणतो तुम्ही घ्या, दुसरा म्हणतो छे, तुम्ही घ्या, आणि तो तुकडा बिचारा अनाथासारखा गार होऊन स्वयंपाकघरात परत जातो. ग्वोज्देनला ही रीत कोणी शिकवलीच नव्हती. तो इकडेतिकडे बघायचा, "कोणालाच नको?" म्हणायचा, आणि उत्तर यायच्या आत तुकडा त्याच्या तोंडात असायचा. ही खोड लक्षात ठेवा.

तर त्या हिवाळ्याच्या तोंडावर पोझेगाहून फोन आला. तिथे एक नवंकोरं शीतगृह उभं राहत होतं; त्याच्या संचालिका नादेझ्दाबाई. "यंत्रांचा माणूस हवाय. तुमचं नाव ऐकलं." मी फोन ठेवला, आरशात स्वतःकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते नाव भारदस्त वाटलं. आठवडा जातो न जातो तोच चाचाकच्या एका जॅम कारखान्याचे ओब्रादसाहेब बोलले. त्यांनाही यंत्रांचा माणूस हवा होता. त्यांनीही नाव ऐकलं होतं. कोण घेत होतं माझं नाव एवढं, हे मला अजून कळलेलं नाही. ग्वोज्देन तर नक्कीच नव्हे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी ही गोष्ट शेजारच्या स्रेतेनला सांगितली.

स्रेतेन सीमेवरच्या कस्टम्समधून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडल्या, आता उघडायला बॅगा नाहीत म्हणून शेजाऱ्यांची डोकी उघडतो.

"किती देतायत?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"म्हणजे कमी देतायत. हे बघ शेजाऱ्या, एकाने देऊ केलेलं दुसऱ्याला कळू द्यायचं, पण तू सांगायचं नाही. तू आकडा बोलायचाच नाही. त्यांनी आकडा सांगितला की नुसता सुस्कारा सोडायचा. असा लांब. बायको वारल्यासारखा."

"ऐकतेय मी!" ल्युबिंका स्वयंपाकघरातून ओरडली.

"वहिनी, उदाहरण दिलं!"

आता आमच्या घरात मोबाइलला आवाज कुठे यायचा, तर फक्त मागच्या गॅलरीच्या टोकाला. आणि तिथे होतं ल्युबिंकाचं कोबीचं पिंप. हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात अख्खे कोबी आंबत घातलेले, वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. फोनवर नीट ऐकू यायला त्या झाकणावर चढून कठड्याला टेकावं लागे. नादेझ्दाबाईंचा फोन आला तेव्हा मी चढलो. त्यांनी आकडा सांगितला. मी सुस्काऱ्याची तयारी करत छाती भरून घेतली, त्या भाराने झाकण तिरकं झालं आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कोबीच्या पाण्यात गेला. डिसेंबर तोंडावर आलेला, पाणी बर्फासारखं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सुस्कारा नव्हता. चाकातून हवा सुटावी तसा तो निघाला आणि निघतच राहिला.

मग बाई हळूच म्हणाल्या, "कळतंय मला, इंजिनियर. दुसरीकडून चांगलं बोलणं आलेलं दिसतंय. थांबा, मी वर विचारून बघते."

दुसऱ्या दिवशी आकडा वाढला!

स्रेतेनने ही बातमी ऐकून गंभीरपणे मान हलवली आणि पाय बदलू नकोस असा सल्ला दिला. "उजवाच घालत जा. जमलेलं मोडायचं नाही." मी शिकलेला माणूस, यंत्रांवर विश्वास ठेवणारा, असल्या गोष्टी मानत नाही. पण ओब्रादसाहेबांचा फोन आला तेव्हा मी बूट आणि मोजा काढून, पँट वर दुमडून, पाय पिंपात सोडूनच "हॅलो" म्हटलं. त्यांचाही आकडा वाढला. मग पोझेगा. मग चाचाक. एक चढला की दुसरा चढे आणि मला फक्त कुडकुडायचं काम. त्या कोबीच्या पानांत भात गुंडाळून पुढे ल्युबिंकाने सार्मा केली. ती कोणी कोणी खाल्ली ते येईलच पुढे. मी मुद्दाम सांगणार नाही.

पण माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. दोन्हीकडून आकडे चढत होते आणि पक्कं काहीच होत नव्हतं. जेवताना माझं लक्ष गॅलरीत. झोपेत मी पिंपावर चढायचो. ल्युबिंका म्हणाली, "वितोमिर, एकाला हो म्हण आणि आम्हाला जगू दे." समोरच्या देसांकाबाई म्हणाल्या, "पोझेगा घे, बस थेट जाते." त्यांचा जावई म्हणाला, चाचाक घे, तिथे जॅम फुकट. ज्याला नोकरीचा काही अनुभव नव्हता त्याचं मत सगळ्यात ठाम होतं.

आणि मग स्रेतेनने तो सल्ला दिला. "शेजाऱ्या, तुझ्या आवाजात निर्धार नाही. का नाही? कारण तुझा एक पाय अजून ग्वोज्देनकडे आहे."

"आणि दुसरा पिंपात."

"थट्टा नको. राजीनामा दे. परतीची वाट बंद झाली की माणसाच्या आवाजाला धार येते. मी सीमेवर बघितलंय."

सीमेवर कोण राजीनामे देत होतं हे विचारायचं मला त्या घटकेला सुचलं नाही. मी गेलो आणि ग्वोज्देनच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्याने तो वाचला, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं." अठरा वर्षांच्या नोकरीला एक "बरं"! आमच्या कचेरीत रजेच्या अर्जावर शिक्का बसायला महिना लागायचा, कारकून बाई शाईची उशी शोधत बसायच्या. त्या दिवशी मात्र उशी समोरच होती. शिक्का, सही, "शुभेच्छा, इंजिनियर," आणि मी वर्षअखेरपासून बेकार. ग्वोज्देनने तर उरलेल्या दिवसांसाठीही घरीच बस म्हणून सांगितलं. तीन नंबरला मी शेवटची लाथसुद्धा घालू शकलो नाही.

बाहेर आलो तेव्हा माझ्या आवाजाला खरंच धार आली होती. मी बोललो की ती थरथरत होती.

आता एक तरी नोकरी हातात यायलाच हवी होती. पोझेगावाल्यांनी वैद्यकीय दाखला मागितला. दवाखान्याच्या एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने पैसे भरायला पोस्टात, पोस्टाने परत पहिलीकडे, आणि शेवटी डॉक्टरांनी माझं यकृत, फुफ्फुस, काळीज सगळं सोडून पायांचे तळवे बघितले. "सपाट आहेत," ते म्हणाले, जणू मी घरून तसे करून आणले होते. दाखल्यावर लिहिलं: प्रकृती उत्तम, फक्त फार वेळ उभं राहण्यास अयोग्य, अधूनमधून बसणं आवश्यक. नादेझ्दाबाईंनी तो ठेवून घेतला. "हरकत नाही, खुर्ची देऊ. एकोणीस तारखेला येऊन सही करून जा."

त्याच संध्याकाळी ओब्रादसाहेब म्हणाले, "एकोणीसला मला शेवटचं उत्तर हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी हे ल्युबिंकाला सांगितलं. ती सूप वाढत होती.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, एकोणीसला जमायचं नाही. त्या दिवशी आमची स्लावा असते, संत निकोला."

पळी हवेत थांबली. "कोणाला सांगितलंस?"

"दोघांनाही."

"आमची स्लावा आहे असं? एवढंच ना?"

"एवढंच. ते म्हणाले राहता कुठे, म्हटलं पुलापलीकडे, हिरव्या फाटकाचं घर."

पळी सुपात पडली. "अरे माणसा, तू त्यांना बोलावलंस!"

"मी कुठे बोलावलं?"

"मग आणखी कसं बोलावतात?"

खरंच होतं. बाकी कशालाही निमंत्रण लागतं, लग्नाला लागतं, बारशाला लागतं. पण घराण्याच्या संताच्या दिवशी, म्हणजे स्लावेला, आम्ही कोणालाच बोलावत नाही. त्या दिवशी फाटक उघडं असतं, आणि ज्याला माहीत आहे तो येतो. तुमच्या घरी स्लावा आहे हे सांगितलं की संपलं. आणि एकदा सांगितल्यावर "येऊ नका" म्हणायची सोय आमच्या भाषेतच नाही.

"फोन करून म्हणू का, घरात आजारपण आहे?"

ल्युबिंकाने छातीवर क्रूस काढला. "तुझ्या आजोबांनी युद्धात, घर जाळायला आलेल्या सैनिकांना आधी स्लावेचा शिजवलेला गोड गहू खायला घातला, मग घर जाळू दिलं. आणि तू पोझेगाची बाई टाळायला बघतोस?"

ते घर खरं म्हणजे विजेच्या तारेमुळे जळालं होतं. पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

म्हणून मग बेत ठरला. दोघे एकमेकांना भेटता कामा नयेत. भेटले की आकडे ताडून बघतील, बघितले की मी दोन्हीकडून गेलो, आणि गेलो की नववर्षाच्या सकाळी माझ्याकडे दोन सपाट पाय आणि अर्धं पिंप कोबी एवढीच मिळकत. एकाला दुपारी जेवू घालायचं, दुसऱ्याला संध्याकाळी. फाटकावर स्रेतेनला बसवायचं; दुसरा कोणी लवकर उगवला तर त्याने त्याला कॉफीच्या निमित्ताने आपल्या घरी अडकवून ठेवायचं.

"सीमाच सांभाळायची ना?" स्रेतेन म्हणाला. "झोप निवांत."

संत निकोला ऐन उपासाच्या दिवसांत येतात, त्यामुळे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही; मासा मात्र चालतो. भट्टीत भाजलेला कार्प मासा, घेवडा, भाजलेल्या मिरच्या, अक्रोड, आणि सार्मा. सकाळी मेणबत्ती लावली, पाव मोडला, आणि मी उभा राहिलो. स्लावेच्या दिवशी यजमान बसत नाही. पहिला पाहुणा येतो तेव्हापासून शेवटचा जाईपर्यंत तो उभाच. ओततो, वाढतो, हसतो. माझे वडील गुडघ्याला पट्टा बांधून उभे राहायचे. आजोबा तर काठीवर. आमच्या घराण्यात स्लावेला बसलेला यजमान कोणी बघितलेला नाही.

पहिला आला ग्वोज्देन. आश्चर्य कसलं? दर वर्षी येतो. नोकरी सोडता येते, स्लावा सोडता येत नाही. त्याने रीतीप्रमाणे माझ्या गालांचे तीन मुके घेतले, "शुभेच्छा, यजमान" म्हणाला, दारूची बाटली दिली, चमचाभर गहू खाल्ला आणि कोपऱ्यातल्या त्याच्या नेहमीच्या जागेवर बसून जेवायला लागला. राजीनाम्याबद्दल चकार शब्द नाही. चेहरा मात्र झोप न झालेला, आणि कपाळावर ग्रीसचा डाग. मला वाटलं, माझ्या जाण्याचं दुःख. ग्रीसचं कारण मला तेव्हा सुचलं नाही.

आणि मग फाटकापासून गाण्याचा आवाज आला.

स्रेतेनने सीमेवर उभं राहण्यासाठी ऊब म्हणून राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, घेतली होती. फाटकावरून आत जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर एकेक. संत निकोलाच्या दिवशी आमच्या फाटकातून निम्मं गाव जातं. आता तो गात गात येत होता, आणि त्याच्या एका हातात नादेझ्दाबाईंचा दंड, दुसऱ्यात ओब्रादसाहेबांचा.

"शेजाऱ्या! दोघे एकदमच सापडले! म्हटलं, वेगवेगळे कशाला नेऊ?"

नादेझ्दाबाई उंच, सरळ, मापाने कापल्यासारख्या. ओब्रादसाहेब आडवे, हसरे, खांद्यावर जॅमच्या बाटल्यांचं खोकं, भेट म्हणून. टेबलावर दोनच जागा होत्या. समोरासमोर.

मी हातात सूप घेऊन उभा. घामाचा एक थेंब सुपात पडायच्या आत मी मान मागे घेतली.

"इंजिनियर, तुम्ही का बसत नाही?" नादेझ्दाबाईंनी विचारलं. "तुमच्या दाखल्यात तर..."

"यजमान कसा बसेल बाई?" ओब्रादसाहेब म्हणाले. मग थांबले. "कुठला दाखला?"

"नोकरीचा. ते आमच्याकडे येतायत, पोझेगाला."

"पोझेगाला? ते तर चाचाकला येतायत. माझ्याकडे!"

घरात सार्मा चावायचा आवाजसुद्धा थांबला. देसांकाबाई स्वयंपाकघराच्या दारात घेवड्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच भिंतीला टेकल्या. आता दोघांनी उठून माझ्या अंगावर टोप्या फेकाव्यात आणि जावं, एवढंच उरलं होतं.

पण ओब्रादसाहेब हसले. त्यांचे डोळे चमकले. बाजारात ती चमक मी बैल विकत घेणाऱ्यांच्या डोळ्यांत बघितलीय. "तुम्ही किती देताय, बाई?"

नादेझ्दाबाईंनी आकडा सांगितला.

"मी त्याच्यावर जातो," म्हणत ओब्रादसाहेबांनी आकडा सांगितला. टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी शिट्टी वाजवली.

बाईंनी तोंड पुसलं आणि आणखी वर गेल्या. ओब्रादसाहेब त्यांच्याही वर गेले. "शाबास!" स्रेतेन ओरडला. मी सूप वाढत होतो, पण आतून मी वीतभर वाढलो होतो. ल्युबिंकाने माझ्याकडे बघितलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या नजरेत मला दिसलं की त्या रविवारी भाऊ मासे पकडायला गेला ते बरंच झालं.

"ही सार्मा काय सुंदर झालीय हो," ओब्रादसाहेब मधेच म्हणाले. "काहीतरी वेगळीच चव आहे कोबीला."

"घरचा आहे," मी म्हटलं.

"तर बाई, माझा हा शेवटचा आकडा. चढा हिंमत असेल तर."

"हिंमत? मी येरेमिचांच्या घरातली आहे, माघार घेत नाही."

ओब्रादसाहेबांचा काटा ताटावर पडला. "कुठले येरेमिच?"

"गिरणीवाले. का?"

"गिरणीवाल्या राद्युलची कोण तुम्ही?"

"नात."

ओब्रादसाहेब उभे राहिले. त्यांचा चेहराच बदलला. "अहो, माझ्या बापाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर घेतलेलं तुमच्या आजोबांनी! गिरणी विकून ते गेले आणि मग पत्ताच नाही लागला! तुम्ही माझ्या कूमा आहात!"

झालं. आता कूम, बाई असली तर कूमा, म्हणजे काय ते कसं सांगू? बाप्तिस्म्याला हातावर घेणारा, लग्नात शेजारी उभा राहणारा; देवासमोर जोडलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारं नातं. आमच्यात सख्ख्या भावाला कोर्टात खेचतात, पण कूमापुढे आवाज चढवत नाहीत. ते दोघे टेबलाला वळसा घालून एकमेकांच्या गळ्यात पडले. बाई रडल्या, साहेब रडले, स्रेतेन सगळ्यात मोठ्याने रडला. मीही रडलो असतो, पण माझ्या हातात कार्पचं ताट होतं.

डोळे पुसून ओब्रादसाहेब म्हणाले, "कूमा, इंजिनियर तुमचा. मी मधे येत नाही."

ताट माझ्या हातात तिरकं झालं.

"छे छे, कूम! तुम्ही आधी विचारलं असेल त्यांना. तुम्ही घ्या."

"तुमचं शीतगृह नवं, गरज तुमची मोठी. घ्या तुम्ही."

"आम्ही निभावू कसंतरी. आपल्या कूमाच्या तोंडचा माणूस मी काढून घेऊ? आजोबा काय म्हणतील वर?"

"आणि माझा बाप काय म्हणेल? नाही, तुम्हीच घ्या!"

"मुळीच नाही, तुम्ही!"

मी ताट घेऊन उभा होतो. त्यात कार्पचा एकच तुकडा उरला होता, शेपटीकडचा. रीत म्हणून मी तो बाईंपुढे धरला. "नको, कूमांना द्या." कूमांपुढे धरला. "नको, कूमांना द्या." मग मी त्या तुकड्याकडे बघितलं आणि मला एकदम सगळं कळलं. आता तो तुकडा आणि मी, आम्ही दोघे असेच टेबलाभोवती फिरत राहणार, प्रत्येक जण दुसऱ्याला आग्रह करणार, आणि संध्याकाळी गार होऊन स्वयंपाकघरात परत जाणार. राजीनाम्यावर शिक्का आहे. दोन्ही नोकऱ्या प्रेमापोटी गेल्या.

पुरे झालं. मी ताट टेबलावर ठेवलं, ओब्रादसाहेबांनी आणलेलं जॅमचं खोकं पायाने ओढलं, आणि त्याच्यावर बसलो.

बसलो! मेणबत्ती जळत असताना, पाहुणे जेवत असताना, स्वतःच्या स्लावेला!

"वितोमिर," ल्युबिंका दातांतून म्हणाली, "ऊठ."

"देवा रे," देसांकाबाईंनी क्रूस काढला. "ह्याचा आजोबा काठीवर उभा राहायचा!"

"बसू द्या त्यांना," नादेझ्दाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दाखल्यात तसं लिहिलंय. शिक्का आहे त्यावर."

शिक्का म्हटल्यावर गाव गप्प बसलं. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून ग्वोज्देनचा आवाज आला. शुभेच्छा दिल्यानंतरचा पहिला.

"म्हणजे कोणालाच नको?"

सगळ्यांना वाटलं माशाबद्दल बोलतोय. त्याने हात लांब केला, शेवटचा तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात घातला. मग चावता चावता माझ्याकडे बघून म्हणाला, "मग सोमवारी ये. तीन नंबर आठवड्यापासून बंद आहे. गावातल्या सगळ्यांनी लाथा घालून बघितल्या. मीही घातल्या. लंगडतोय मी."

"मी राजीनामा दिलाय," मी खोक्यावरून म्हटलं.

"त्याची घडी घालून यंत्राच्या पायाखाली सारलीय, डुगडुगत होतं म्हणून. तेवढाच उपयोग झाला तुझ्या राजीनाम्याचा."

कबूल करतो, मला उडी मारून त्याचे मुके घ्यावेसे वाटले. पण मी बसलेला होतो. आणि माणूस बसलेला असला की त्याच्या आवाजाला एक वजन येतं. स्रेतेन म्हणायचा तो निर्धार बहुधा हाच, त्याचा राजीनाम्याशी काही संबंध नव्हता. सगळी मालक मंडळी जन्मभर बसून का बोलतात ते मला त्या खोक्यावर उमगलं.

"येईन," मी म्हटलं. "ओब्रादसाहेबांनी शेवटी सांगितलेल्या आकड्यावर."

ग्वोज्देनने तोंड उघडलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. बहुतेक पुढच्या वर्षीच्या पिकाबद्दल. पण शब्द बाहेर यायच्या ऐवजी त्याचे डोळे बाहेर आले. चेहरा आधी रासबेरीसारखा झाला, मग रासबेरीच्या जॅमसारखा. त्याने टेबल धरलं, पावाचा लचका तोंडात कोंबला, आणि मान जोरात खाली घातली. वर केली. पुन्हा खाली घातली.

"हो म्हणाला!" स्रेतेनने टेबलावर मूठ आपटली. "मेणबत्तीसमोर! दोनदा!"

"मी बघितलं," नादेझ्दाबाई म्हणाल्या.

"मीही साक्षीदार, कूमा," ओब्रादसाहेब म्हणाले. "माझा आकडा आहे, मला पाठ आहे."

घरात टाळ्या पडल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं. ग्वोज्देनने पाण्याचा ग्लास रिकामा केला, घसा खाकरला, भोवती बघितलं. संताच्या मेणबत्तीखाली, निम्म्या गावासमोर, दोन कूमांच्या साक्षीने मान हलवलेला माणूस आता काय बोलणार? त्याने नुसता हात हलवला आणि सार्मा मागितली. मी खोक्यावरून उठलो आणि वाढली. त्यानंतर शेवटचा पाहुणा जाईपर्यंत मी उभा होतो. पाय दुखलेच नाहीत.

तीन नंबर सोमवारी पहिल्या लाथेला सुरू झालं.

ग्वोज्देन आजही म्हणतो की तो होकार नव्हता, घशात काटा अडकला होता. मी म्हणतो तो होकार होता, काटा त्यात नंतर आला. दर वर्षी संत निकोलाला आमचा हा वाद होतो, तो कोपऱ्यात बसून आणि मी उभ्याने. पाहुण्याशी यजमानाने वाद घालू नये म्हणून मी फार ताणत नाही. मात्र निवृत्त होईपर्यंत, ज्या ज्या हिवाळ्यात पगारवाढीचं बोलायचं असे, त्या त्या वर्षी मी कार्प आणला नाही. आमच्याकडे बाबुश्का म्हणून एक स्वस्त मासा मिळतो. त्यात मासा थोडा, काटेच फार. तो भाजायचा, सगळ्यांना पोटभर वाढायचा, ताटात एकच तुकडा ठेवायचा, आणि ग्वोज्देनजवळ जाऊन थांबायचं.

तुकडा तोंडात गेला की आकडा सांगायचा.